चार थेंबांचे मोल

गेल्या नाताळात सोलापुरातील एका घरी आम्हांस आग्रहाने थांबवून घेण्यात आले. घरच्या तरुणाने डाळिंबाची साल, दालचिनी व लवंग कडक मद्यात तीन आठवडे भिजवून, गाळून अर्क सिद्ध केला होता. पाहुण्यांच्या कॉकटेलमध्ये तो मोजून चार थेंब टाकी. तेवढ्यात व्यसनातून सुटलेल्या एका पाहुण्याने पेल्यावर हात ठेवला. यजमान हसून म्हणाले, "अहो, घरचे आहे, औषधच समजा!" पाहुणा ओशाळला. आम्ही गप्प राहिलो.

'औषध' हा शब्द अगदीच खोटा नव्हता. 1824 मध्ये डॉ. सीगर्ट यांनी अंगोस्तुरा हा कडू अर्क औषध म्हणूनच सिद्ध केला. आज तो कॉकटेलमध्ये पडतो. संत पौलानेही तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविले. परंतु बंधू अडखळत असेल तर द्राक्षारस टाळावा, हेही त्यानेच रोमकरांस लिहिले.

फ्रान्समधील कार्थुसियन मठवासी 130 वनस्पतींपासून शार्त्रूझ हे मद्य करतात. जगभर मागणी वाढली असताही त्यांनी उत्पादन न वाढविण्याचे ठरविले. एकांत व प्रार्थना त्यांना अधिक मोलाची वाटली. 2023 मध्ये या निर्णयाची सर्वत्र चर्चा झाली.

करण्याचे कौशल्य ही देणगी खरी. पण कोठे थांबावे हे उमगल्यावाचून ती अपुरीच. थेंब मोजणाऱ्याने समोरच्याचे मनही जाणावे. त्या रात्री "यांना सरबत द्या" एवढेच म्हणणे पुरेसे होते. ते आम्हीही म्हटले नाही, ही खंत आजही आहे.