ओरडणारा पट्टा

जो ओरडतो तोच अपराधी, असे आपण किती सहज धरून चालतो! गेल्या पावसाळ्यात सुरतेच्या कतारगाम भागात एका स्नेह्याकडे आम्ही आमच्या जुन्या मोटारीने गेलो, तेव्हा या समजुतीची आम्हांस लाज वाटली.

सकाळी इंजिन सुरू करताच पुढून कर्कश किंचाळी उठे. आल्टर्नेटर, पाण्याचा पंप इत्यादी फिरविणारा रबरी पट्टा घसरत असल्याची ती खूण. वर्षभरात दोन पट्टे बदलले होते. आणि 'माल हलका घातलास' म्हणून आमच्या गावच्या तरुण कारागिराला आम्ही देवळाच्या पारावर चार माणसांत बोललो होतो.

कतारगामच्या मिस्त्रीने इंजिन चालू असताना पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडले. आवाज क्षणभर थांबून परतला असता, तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावयाचे. तो उलट वाढला, म्हणजे ताण अपुरा. मग इंजिन बंद करून त्याने पट्टा उतरविला. ताण राखणाऱ्या टेन्शनरची पुली हाताने फिरविली, तर बेअरिंग खरखरले. त्याचा दांडा दाबून सोडला, तर तो अडखळत परतला. आतली स्प्रिंग थकली होती. अशा स्प्रिंगच्या भरवशावर नवा पट्टाही ढिलाच राहणार आणि घसरून झिजणार. टेन्शनर व पट्टा दोन्ही बदलताच किंचाळी थांबली.

येथवर प्रश्न यंत्राचा. पण दुसरा पट्टा घालतानाच आमच्या गावचा तो कारागीर म्हणाला होता, "काका, टेन्शनरही पाहू या." खर्च वाढेल म्हणून आम्हीच नको म्हटले. मग आमचे अज्ञान क्षम्य कसे? न कळणे हा दोष नव्हे; कळू शकत असता पाहण्याचे टाळावे आणि खापर दुसऱ्याच्या माथी फोडावे, हा मात्र दोष होय. कतारगामात हिऱ्याचे कारागीर खडा चाकावरून पुनःपुन्हा उचलून भिंगातून पाहतात, मगच पुढे घासतात. खड्याच्या बाबतीत जी सावधगिरी, ती माणसाच्या अब्रूच्या बाबतीत आम्ही दाखविली नव्हती.

परतल्यावर त्याच पारावर त्याला बोलावून आम्ही चूक कबूल केली. परंतु त्या दिवशी ऐकणाऱ्या चौघांपैकी दोघेच तेथे होते. उरलेल्या दोघांना गाठणे अजून बाकी आहे. तोवर ही फेड पुरी झाली असे आम्ही मानीत नाही.