लाइट घे

"आई, लाइट घे गं," असं माझी मुलगी मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवते. दुधात पाणी निघालं, लाइट घे. लग्नात आपल्याला ओटी भरायला विसरले, लाइट घे. एरवी मी हसून सोडून देते. पण परवा मी तिला चार वर्षांपूर्वीचं एक वाक्य सांगत होते आणि त्यावरही ती तेच म्हणाली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

वाक्य माझ्या धाकट्या जावेचं. सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं न्हाणं-धुणं, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं माझ्याकडे होतं. त्या गेल्यावर महिन्याभरानं घरची सगळी दागिन्यांच्या वाटणीला बसली. तेव्हा कुणीतरी माझं नाव काढलं, तर जाऊ म्हणाली, "अक्कांनी केलं हे खरंच. पण त्या घरातच तर होत्या." एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. चहा आला, सगळ्यांनी घेतला. मीही घेतला.

मला राग आला की मी शब्दकोश काढून बसते. बी. ए.ला संस्कृत होतं, त्याचा एवढाच उपयोग राहिलाय. त्या दुपारी 'लाइट' हा शब्दच धरला.

आपण मराठीत या शब्दाला घरचाच करून टाकलाय. लाइट गेली, लाइट आली. मराठीत आल्यावर ती बाई झाली, कारण वीज बाई आहे. लाइट बिल भरतो, त्यात पंख्याचे, मिक्सरचे, गिझरचे पैसे असतात, पण नाव लाइटचं. आणि आता मुलांची ही दुसरी लाइट, हलकी. मला वाटायचं, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ असणार. उजेडाला वजन नसतं म्हणून हलकं ते लाइट. तसं नाहीच. हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीतच त्यांचे उच्चार झिजून एकसारखे झाले आणि पुढे स्पेलिंगही एकच राहिलं. जर्मन भाषेत ते अजून वेगळे आहेत, उजेड तो लिख्ट आणि हलकं ते लाइख्ट.

आणि दोन्हींची माहेरं आपल्या ओळखीची निघाली. हलक्या लाइटचा संबंध आपल्या 'लघु'शी आहे. एकाच जुन्या धातूपासून इकडे लघु झाला, तिकडे लॅटिनमध्ये लेव्हिस आणि इंग्रजीत लाइट. उजेडाच्या लाइटचं कूळ दुसरं. त्या कुळात लॅटिनचे लक्स आणि लूना, म्हणजे उजेड आणि चंद्र, आणि आपल्याकडे 'रुच्' धातू, म्हणजे चमकणं. त्यातून रोचन, त्यातून रुची. म्हणजे आमटी रुचकर झाली असं आपण म्हणतो तेव्हा मुळात ती आपल्याला उजळली असं म्हणतो. 'लोक' हा शब्दही त्याच घरचा. लोक म्हणजे आधी माणसं नव्हेत, उघडी, उजेडाची, दिसणारी जागा. मग आलोक, अवलोकन.

शाळेत त्या स्पेलिंगमधल्या जी-एचनं आम्हाला फार छळलं. उच्चार नाही, मग ठेवलेत कशाला? आता कळलं की पूर्वी तिथे घशातून ख-ह सारखा आवाज काढत. तो गेला, अक्षरं राहिली. एका लाइटमधल्या त्या मुक्या अक्षरांमागे लघुतला घ आहे आणि दुसऱ्या लाइटमधल्या अक्षरांमागे लोकातला क. 1786 साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या भाषा असाव्यात असं मांडलं, तेव्हापासून विद्वान हे नातं जुळवत आलेत. मी फक्त दुपारी चहा पीत वाचलं आणि राग तासभर विसरले.

पण आपण जैन बायका. लोक, आलोक, रुची, लघु हे शब्द आपल्याला कोशातून कशाला कळायला हवेत? लोक आणि अलोक तर पाठशाळेत येतात. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात रात्रीच्या जेवणाबद्दल लिहिताना सूर्याच्या आलोकाचाच शब्द घातलाय: सूर्याचा उजेड नसताना जेवणारा हिंसा कशी टाळणार, दिवा लावला तरी ताटात पडणाऱ्या बारीक जीवांचं काय? हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी नक्कीच विचारलं असणार, "दिवा लावून जेवलं तर चालेल का?" आज माझी मुलगी ट्यूबलाइटकडे बोट दाखवून तेच विचारते. पावसाळ्यात त्या ट्यूबखाली पाखरांचा खच पडलेला असतो, तो केरसुणीनं भरते मी, म्हणून उत्तर मला तोंडपाठ आहे.

आणखी एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे प्रकार सांगितलेत, त्यात उजेड आहेच, पण अंधारही आहे. सावलीही. अंधार म्हणजे उजेड नसणं असं नव्हे, अंधार ही एक वस्तूच आहे. आणि उजेडही एक नाही. सूर्याचा तापवणारा तो आतप, चंद्राचा आणि काजव्याचा थंड तो उद्योत. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. उन्हातून आत पाऊल टाकलं की काही क्षण नेमिनाथांची मूर्तीसुद्धा दिसत नाही, नुसता गार काळोख अंगाला लागतो. त्याला 'नसणं' म्हणायला जीभ वळत नाही. माणसांच्या मनातल्या गोष्टींचंही तसंच असावं. "त्यात काय एवढं, काही नाहीच ते," असं दुसऱ्यानं म्हणून ती नाहीशी होत नाहीत.

म्हणून मला 'लाइट घे' खटकतं. ते सांगणारा वजन उचलत नाही, फक्त वजन नाही असं जाहीर करतो.

आता हलक्याकडे येते. हळू आणि हलका हे दोन्ही लघुचेच वंशज. प्राकृतात लघुक-चं लहुअ झालं आणि ल-ह ची अदलाबदल होऊन हलुअ. हेमचंद्राचार्यांनी आपल्या व्याकरणात ही अदलाबदल नोंदवून ठेवलीय. पण मराठीत हलक्याची गत वाईट झाली. हलकं सोनं, हलकी साडी, हलक्या कानाचा, हलकं काम. गुरु म्हणजे मुळात जड, इंग्रजीतली ग्रॅव्हिटी त्याचीच नातेवाईक. जड ते मोठं झालं आणि हलकं ते कमी प्रतीचं. जावेचं वाक्य मला टोचलं ते इथेच. सहा वर्षांचं काम तिनं तराजूत घातलं आणि ते हलकं निघालं, कारण त्याला पगार नव्हता.

आपल्याकडे सिद्धांच्या आठ गुणांत एक अगुरुलघुत्व आहे. ना जड, ना हलकं. गोत्रकर्म संपलं की तो गुण येतो असं सांगतात, आणि गोत्रकर्म म्हणजे उच्च-नीच कुळ. मोक्षात कुणी कुणाला तोलत नाही, असा मी त्याचा बायकी अर्थ लावते. पंडितजी हसतील. पण संसारात तोलणं चालूच असतं आणि मलाही ते सुटलेलं नाही, हे कबूल करायला हवं. मीही जावेला तोलतच होते.

दशलक्षण पर्वात आमच्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. अनंत चतुर्दशीला दहावा. मुक्त झालेला जीव वरच का जातो, याला तिथे चार दाखले दिलेत: कुंभाराचं फिरतं चाक, लेप निघालेला भोपळा, एरंडाची बी आणि अग्नीची ज्योत. वर्षानुवर्षं ऐकलेलं. यंदा ऐकताना एकदम जाणवलं की भोपळा म्हणजे लघु आणि ज्योत म्हणजे रुच्, दोन्ही लाइट एकाच सूत्रात शेजारी बसलेत! कुणाला सांगू असं झालं होतं. शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "आधी ऐका."

भोपळ्याची गोष्ट श्वेतांबरांच्या ज्ञाताधर्मकथेत जास्त खुलवून येते. वाळलेल्या तुंब्याला गवत गुंडाळून मातीचा लेप द्यायचा, वाळवायचा, असं आठ वेळा. मग पाण्यात टाकला की तळाला जातो. हळूहळू एकेक लेप भिजतो, सुटतो, आणि तुंबा वर येतो. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की तुंबा स्वभावानं हलकाच होता, पण तळाला होता तेव्हा तो खरोखर जड होता. आणि वर यायला पाणी लागलं, वेळ लागला, लेप एकेक करून भिजावा लागला.

दरवर्षी क्षमावाणीला मी जावेपुढे हात जोडते, ती माझ्यापुढे जोडते. 'उत्तम क्षमा, उत्तम क्षमा.' हल्ली तर फोनवर फुलांच्या चित्रासह आधीच येते, एकदम दोनशे जणांना. चार वर्षं आम्ही हे केलं आणि लेप कोरडाच. कशाची क्षमा ते दोघींनीही म्हटलेलं नाही. ही क्षमा आहे की नुसतं लाइट घेणं? मला ते अजून नीट सांगता येणार नाही, पण यंदा चतुर्दशीच्या आधीच मी तिच्या घरी गेले. चार वाजता. तिला रिटायर होऊन दोनच महिने झालेत.

मी ते वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला वाटलं होतं ती नाकारेल किंवा रडेल. ती म्हणाली, "मला आठवत नाही, अक्का. पण म्हटलं असेन." मग बराच वेळ शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला कधी हात लावू दिलात का आत्तींना? मी रविवारी यायची, तर तुम्ही दारातूनच सांगायचात, झालंय सगळं, तू दमून आलीस, बस. सहा वर्षांत एकदाही मी त्यांची वेणी घातली नाही. त्या गेल्यावर गावातले लोक मला काय म्हणत होते ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. दारातून सांगायचे ते मात्र आठवलं. मी ते तिच्या सोयीसाठी म्हणत होते असं चार वर्षं, नाही, दहा वर्षं मानत आले होते. खरं सांगायचं तर सासूबाईंनी "थोरलीच करते" असं आल्यागेल्याला सांगावं, हे मला हवं होतं. ते सांगणं मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं.

मी तिला तसं म्हटलं. सगळं नाही, अर्धं. ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर पाऊस भरून आला होता आणि स्वयंपाकघरात अंधारल्यासारखं झालं होतं. तिनं बटणाकडे हात नेला आणि घड्याळ बघून थांबली.

"सव्वासहा होत आले, अक्का," ती म्हणाली. "दिवस आहे तोवर दोन घास खाऊन घ्या. घरी पोचेपर्यंत मावळेल." आणि तिनं ताटं घेतली, खिडकीशी, जिथे अजून दिसत होतं तिथे मांडली.