महिना कुणी दिला?

फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात आखूड महिना. अमेरिकेत तोच काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. हे ऐकून आमच्या रिंग खात्यातला एकजण म्हणाला, "म्हंजे गोऱ्यांनी हितंबी मापात पाप केलं की!" हसायला बरंय. पण खरं नाही. हा महिना गोऱ्यांनी दिलेलाच नाही.

कार्टर वुडसन १८७५ साली जन्मला. आईबाप गुलामीतून सुटलेले. पोरानं वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत घाम गाळला, अक्षर न येणाऱ्या कामगारांना पेपर वाचून दाखवला. हायस्कूलची पायरी चढला विसाव्या वर्षी. १९१२ साली हार्वर्डचा डॉक्टर झाला. १९१५ साली काळ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी त्यानं संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. फेब्रुवारीच का? तर १२ तारखेला लिंकनचा जन्मदिवस, १४ ला फ्रेडरिक डग्लसचा. काळी माणसं हे दिवस आधीपासूनच पाळत होती.

यातला डग्लस बघा. गुलाम आईचं लेकरू. त्याची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? १४ तारीख त्यानं आपली आपण धरली. आपल्या आज्या-बापांना शाळेत मास्तरानं १ जून चिकटवली. डग्लसनं दुसऱ्या कुणाला चिकटवू दिली नाही.

१९७० साली ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात काळ्या पोरापोरींनी सप्ताहाचा महिना केला. राष्ट्राध्यक्ष फोर्डची मान्यता आली १९७६ साली. सप्ताह सुरू झाल्यावर पन्नास वर्षांनी!

आता खरा सवाल. दिवस पाळला की माणूस मोकळा होतो का? फोटोला हार घातला, भाषण ठोकलं, उद्यापासून परत मागचंच. वुडसनला ही भीती होतीच. तो म्हणायचा, शाळांनी वर्षभर शिकावं आणि काय शिकलो ते या सप्ताहात दाखवावं. पुढं पुढं तर त्याला सप्ताहाऐवजी अख्खं वर्षच पाहिजे होतं. आणि दोन थोर माणसांच्या आरत्या त्याला नको होत्या. इतिहास साऱ्या जमातीनं घडवला, असं त्याचं मत.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, ती काळ्या पँथरांचं नाव घेऊन. नावाबरोबर हा सवालही आपल्या दारात आलाय. काहीजण म्हणतात, दिवस पाळणंच बंद करा. मला ते पटत नाही. ज्याला बाकीचे दिवस मान खाली घालायला लावतात, त्याला मान वर करून एकत्र उभं राहायला एक दिवस लागतोच. पण तो दिवस म्हणजे वर्षाचा हिशेब. वर्षभर पुस्तक उघडलंच नाही, तर त्या दिवशी दाखवणार काय?

खाणीत दमूनभागून पेपर ऐकत बसलेले ते कामगार आठवा. त्यांच्यातल्या कितीजणांच्या जन्मतारखा कुठं नोंदल्या असतील? महिना त्यांचाय.