मुक्या जिवाचा हक्क



काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एका गृहस्थांनी मला विचारले, "मौलाना, मुलीसाठी आणलेल्या सशाच्या पिलाने सकाळपासून तोंडात काही घेतलेले नाही. पिलू तीनशे रुपयांचे आणि डॉक्टरांचा खर्च त्याहून अधिक. हा इसराफ, म्हणजे उधळपट्टी, तर ठरणार नाही?" मी घाईत होतो. "उद्या सकाळी पाहा," एवढेच बोललो. फजरपूर्वीच पिलू दगावले.

प्रश्न धर्माचा होता. उत्तर मी आळसाचे दिले. सशाचे पोट सतत चालू राहावे लागते. दहा-बारा तास खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साठतो, आणि त्याला ओकारीही काढता येत नाही. पिलाला जुलाब लागले तर अंगातले पाणी झपाट्याने आटते. शिवाय ससा हा दुबळा जीव. आजार लपवणे हा त्याचा स्वभावच. तो आजारी दिसू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. घरातले औषध द्यावे, तर अमॉक्सिसिलीनसारखी माणसांची गोळी सशाच्या जिवावर बेतू शकते. ज्याचे ज्ञान नाही ते जाणकारांना विचारा, ही कुरआनची शिकवण येथेही लागू होते. येथे जाणकार म्हणजे पशुवैद्य.

आता इसराफविषयी. जिथे कोणाचा हक्क नाही तिथे संपत्ती उधळणे हा इसराफ. हक्क पोहोचवणे हा नव्हे. सातव्या हिजरी शतकातील शाफई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क नोंदवले आहेत. त्यांत पहिला हक्क पोषणाचा. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी तो संपत नाही. म्हणजे हक्काचे माप बाजारभाव नव्हे.

बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आहे. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यास मोकळेही सोडले नाही. त्यापायी ती नरकाग्नीस पात्र ठरली. या हदीसचा मथितार्थ विचारात घ्या. आपण एखाद्या जिवाला पिंजऱ्यात ठेवतो, तेव्हा त्याच्या जगण्याचे सारे मार्ग आपल्या हाती घेतो. तो दाणा शोधू शकत नाही, तसाच उपचारही शोधू शकत नाही.

कोणी म्हणेल, ससा तर हलाल आहे, मग एवढी चिंता कशाला? होय, हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार सशाचे मांस प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वीकारले होते. परंतु ज्या शरीअतने जबह करण्याची मुभा दिली, तिनेच सुरी धारदार करून जनावराला कमीत कमी यातना देण्याची आज्ञा केली. खाण्याची परवानगी ही तडफडत ठेवण्याची परवानगी नव्हे.

आणि खरोखरच ऐपत नसेल तर? अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही. कर्जदाराची परतफेड, लेकरांचे अन्न यांचा हक्क आधी. अशा वेळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी, किंवा जो सांभाळू शकेल त्याच्या हाती तो जीव सोपवावा. मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: अडचण पैशाची आहे, की "एवढ्याशा जिवासाठी कशाला" या भावनेची? आणि हा भार पेलणार नसेल, तर लेकराच्या हट्टापायी जीव घरी आणूच नका.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि माझी चूक कबूल केली. अबू उमैर या बालकाचा लहानसा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपुलकीने त्याची विचारपूस केली होती. ती हकीकत मी त्या मुलीला सांगितली. ऐकून घेऊन तिने विचारले, "मग रात्रीच का नाही नेले?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कयामतच्या दिवशी तरी ते आपल्यापाशी असावे, अशी सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.