दुःखाचं कारण दाखवणारे सिनेमे

वरोऱ्याला आनंदवन उभं करणारे बाबा आमटे तरुणपणी सिनेमावर लिहीत. ‘पिक्चरगोअर’ या इंग्रजी मासिकासाठी त्यांनी परीक्षणं केली. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे वरोऱ्यात सफाई कामगारांचे हाल कळावेत म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी घेतली. त्याच काळात एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा मरणपंथाला लागलेला कुष्ठरुग्ण दिसला आणि आमटे घाबरून पळाले. नंतर ते परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पण आधी ते पळाले होते, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही.

पडद्यावरची इतकी दुःखं डोळे भरून पाहिलेला माणूस खऱ्या दुःखासमोर उभा राहू शकला नाही. मग पडद्यावरचं दुःख पाहून माणसात नेमकं काय घडतं?

चंद्रपूर असो की गडचिरोलीतलं देसाईगंज, शहरी अंधाराचे, रोखठोक वास्तवाचे सिनेमे आवडणारी तरुण मंडळी आता गावोगाव आहेत. त्यांना नावं सुचवणं सोपं आहे. ते सिनेमे का पाहायचे, हे सांगणं अवघड. चौथ्या शतकात कार्थेजच्या नाटकगृहांत रमलेल्या संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात हाच काटा स्वतःला टोचून घेतला होता. प्रेक्षकाला मदतीला कोणी बोलावत नाही, फक्त हळहळायला बोलावतात. आणि जितकं रडू येईल तितकं नाटक चांगलं ठरतं. ही कसली करुणा, असं त्याचं विचारणं होतं.

या प्रश्नाचं सर्वांत धारदार उत्तर चंद्रपूरच्या मातीशी नातं असलेल्या एका ग्रंथात सापडतं. नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. पुढच्या वर्षी, त्यांच्या पश्चात, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही लहानपणापासून ऐकलेली कथा बाबासाहेबांनी तिथे सरळ नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसं मानायचं? त्यांच्या मांडणीत गृहत्यागाचं कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आहे. सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरोधात गेलं आणि त्याने परागंदा होणं पत्करलं.

याचा अर्थ फार मोठा आहे. नुसत्या दृश्याने माणूस बदलत नाही. दुःख कुठून येतं, ते कोणाच्या निर्णयातून तयार होतं आणि त्या निर्णयात आपला हात कुठे आहे, हे उमगलं की तो बदलतो. वास्तववादी सिनेमाची निवड याच कसोटीवर करायला हवी.

या कसोटीवर पहिलं नाव चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं (२०१४). त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक आणि आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल २०२१मध्ये कोरोनाने ते गेले. कथा एवढीच: मुंबईच्या गटारात उतरणारा वासुदेव पवार मरतो आणि कांबळेंच्या गाण्यानेच त्याला आत्महत्येला उद्युक्त केलं, असा पोलिसांचा दावा असतो. मरण पडद्यावर दिसतच नाही. दिसते ती त्याच्या विधवेची साक्ष. वास सहन व्हावा म्हणून तो उतरण्याआधी दारू प्यायचा. आत झुरळ दिसलं तर हवा आहे असं समजायचा. ती हे कोरड्या, थकल्या आवाजात सांगते, टंकलेखक टाइप करतो, पुढची तारीख पडते.

दारूचा तो तपशील चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वेगळा ऐकू येतो. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, तीही लोकांनी आणि त्यातही बायांनी लढून मिळवलेली. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली. दारूने घर कसं बसतं हे इथल्या बायांना कोणी शिकवायला नको. ‘कोर्ट’ त्याच दारूचं एक टोक गटाराच्या झाकणापर्यंत नेऊन दाखवतो. पिणाऱ्याला तो सोडत नाही, पण त्याला तिथे उतरवणाऱ्यालाही सोडत नाही.

गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) याच पंक्तीतला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. फौजदार वेलणकरच्या हातून कोठडीत माणूस मरतो, तोवर तो हात कसा घडला, त्यात पोलीस बापाचा धाक किती आणि राजकारण्यांचा वरदहस्त किती, हे प्रेक्षकाला कळलेलं असतं. राम गोपाल वर्मांचा ‘सत्या’ (१९९८) कसबात कुठे कमी नाही. तरी त्याची शिफारस दुसऱ्या क्रमांकावर करावी. भिकू म्हात्रेवर जीव जडतो, पण त्याला घडवणारं शहर मागेच राहतं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतला आहे. त्यातल्या पोरांच्या बोलीसाठी तरी तो पाहावा. आणि हेलिकॉप्टरने मतदान पथकं पोहोचवली जातात, दुपारी तीनलाच मतदान संपतं, हे गडचिरोलीने अनुभवलेलं असल्यामुळे अमित मसूरकरांचा ‘न्यूटन’ (२०१७) छत्तीसगडच्या जंगलातला असूनही इथे परका वाटत नाही.

करुण रसाचा सर्वांत मोठा नाटककारही विदर्भाचाच. भवभूतीचं पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पद्मपूर, असं अभ्यासक मानतात. ‘उत्तररामचरित’च्या सातव्या अंकात वाल्मीकी गंगेकाठी एक नाटक लावतो. विषय सीतात्यागाचा आणि प्रेक्षकांत खुद्द राम. तो भान हरपून ओरडतो, लक्ष्मण त्याला हे नाटक आहे याची आठवण देतो, तरी राम मूर्च्छित पडतो. सीतेवर बोट ठेवणारे नागरिकही तिथेच आहेत आणि अरुंधती त्यांनाच जाब विचारते. ऑगस्टीनच्या प्रश्नाला हे थेट उत्तर आहे: इथे हळहळणारा आणि दुःख देणारा एकच आहे. मात्र याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात दंडकारण्यात तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामाच्या हातून वध होतो. तो दिव्य रूप घेऊन रामाचे आभार मानतो आणि त्याच्यासाठी कोणी रडत नाही. कारण दाखवणाऱ्या कलेचीही नजर कुठे थांबते, हे प्रेक्षकाने ओळखायलाच हवं.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीला दुःखाचं कारण असलेला असा प्रेक्षक नवा नाही. धानाची कापणी आटोपली की वडसा, म्हणजे देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. ज्याच्या सावकारीवर, ज्याच्या हुंड्यावर नाटक चालू आहे तो अनेकदा त्याच मांडवात बसलेला असतो. मोबाइलवर एकट्याने पाहिलेल्या सिनेमाला ही सोय नाही. म्हणून ‘कोर्ट’ किंवा ‘अर्धसत्य’ एकट्याने पाहू नये. नगरपालिकेतल्या, पोलिसांतल्या, वकिलीतल्या ओळखीच्या माणसाला शेजारी बसवून पाहावा आणि नंतर त्याच्याशी वाद घालावा.

इथल्या लेखक-दिग्दर्शकांपुढेही विषय पडलेला आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला, पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा. कोळसा, राख, पाळी संपवून अंधारात घरी निघालेली माणसं आणि वाघ, सगळं एका शहराच्या हद्दीत. यावर थरारपट काढणं सोपं आहे. खाणींभोवतीच्या ढिगाऱ्यांवर झुडपं कोणी माजू दिली, वाटेवर दिवे होते का आणि पाळी संपवलेला कामगार घरी कसा पोहोचतो, हे विचारत लिहिलेली पटकथा अवघड. पण ती लिहिली गेली तर तिचा पहिला खेळ दुर्गापुरातच लावावा, आणि वीज केंद्र, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) व वनविभाग यांच्या अधिकाऱ्यांना त्याचं रीतसर निमंत्रण द्यावं.