बेटाचा उंबरठा

एखाद्या ठिकाणी पोहोचता येते, एवढ्यावरून माणसाला तेथे उतरण्याचा अधिकार मिळतो काय? प्रश्न दिसायला साधा आहे. रस्ता आहे, गाडी आहे, खिशात पैसे आहेत. मग आपल्याला अडवणार कोण, असा आपला नेहमीचा हिशेब असतो. हा हिशेब तपासायचा तर या तिन्ही गोष्टी जेथे फारशा कामी येत नाहीत, अशा जागी मनाने तरी जाऊन यावे लागते. भूगोलाच्या तासाला अशी एक जागा मी मुलांना नकाशावर वर्षानुवर्षे दाखवत आलो आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्या नावाचे बेट आहे. केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर आणि सेंट हेलेनापासून सुमारे २,४०० किलोमीटर दूर. वस्ती अडीचशेच्या आत. विमानतळ नाही. १५०६ साली ज्या पोर्तुगीज दर्यावर्द्याला ते दिसले, त्याचेच नाव बेटाला पडले. त्याच्या ताफ्यात आल्बुकर्क होता. त्यानेच पुढे १५१० मध्ये गोवा घेतला. त्या दर्यावर्द्याचा मुलगा नुनो द कुन्या १५२९ ते १५३८ या काळात गोव्याच्या गादीवर गव्हर्नर होता. म्हणजे हजारो कोस दूरचे हे बेट आमच्या घाटाखालच्या इतिहासाला असे आडवळणाने जोडलेले आहे.

आजही काही हौशी माणसे शिडाच्या नौकेने तेथे जातात. कित्येक दिवस वारा आणि पाणी यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. बेट दिसले म्हणजे पोहोचलो, असेही नाही. तेथे नौकेला आसरा देईल असे बंदर नाही. नांगर टाकायचा तो उघड्या समुद्रात. वारा फिरला की तो उचलून निघायचे. शिवाय उतरण्यासाठी बेटाच्या प्रशासनाची परवानगी आधी घ्यावी लागते. बेटावरची जमीन सर्वांची सामाईक आहे. परक्याला ती विकत घेता येत नाही. परवानगी हातात असूनही समुद्र खवळला, तर किनारा डोळ्यांनी पाहून परत फिरावे लागते.

परक्या बंदरात शिरताना नौकेवर पिवळे निशाण चढवण्याची दर्यावर्द्यांची रीत आहे. ‘आमच्या नौकेवर रोगराई नाही, आत येऊ का?’ असा त्याचा अर्थ. आपल्याकडे जुनी माणसे दुसऱ्याच्या दारात गेली की उंबरठ्याबाहेर थांबून खाकरत. घरातून ‘या’ असा शब्द आल्यावरच पाय आत पडे. ते खाकरणे आणि हे पिवळे निशाण मला एकाच कुळातले वाटते.

येथे कोणी म्हणेल, शिडाचा प्रवास माणसाला नम्र करतो, एवढेच ना? मला ते पटत नाही. आल्बुकर्कही शिडाच्याच जहाजातून आला होता. वारा त्यालाही थांबवत होता, म्हणून गोवा काही वाचला नाही. नम्रता शिडात नसते. वाऱ्यापुढे वाकणारा माणूस दुसऱ्या माणसापुढे वाकेलच, याची हमी कोण देणार? खरी कसोटी वारा अनुकूल असताना लागते. किनारा समोर आहे, उतरता येते आहे, आणि तरीही आपण ‘या’ या शब्दाची वाट पाहतो की नाही?

कारण पाहुणा एकटा येत नाही. ट्रिस्टनवर उंदीर नव्हते. १८८२ मध्ये एक जहाज किनाऱ्यावर फुटले आणि उंदीर बेटावर आले, ते कायमचे. २०११ साली सोयाबीन घेऊन सिंगापूरकडे निघालेले ‘ऑलिव्हा’ हे मालवाहू जहाज शेजारच्या नाइटिंगेल बेटावर आदळले. त्याच्या तेलाने माखलेले पेंग्विन धुवायला बेटकऱ्यांना धावावे लागले. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावर तर बाहेरची नौका येऊन गेली की गावभर खोकला पसरे आणि लोक त्याला नौकेचाच खोकला म्हणत. यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. पण मन चांगले असणे पुरत नाही, हे या बेटांनी सोसून दाखवले आहे.

मग कोणी कोठे जाऊच नये काय? तसेही नव्हे. ट्रिस्टनची वस्तीच मुळी येऊन राहिलेल्यांची. १८९२ साली फुटलेल्या इटालियन जहाजावरचे दोन खलाशी तेथेच राहिले आणि त्यांची आडनावे आज बेटाची आडनावे आहेत. बेटकरी शेवंडी विकतात, औषधे मागवतात. त्यांना जहाजे हवीच असतात. दार बंद ठेवणे हा काही धर्म नव्हे. दार कोणाचे, एवढे ओळखले म्हणजे झाले.

१९६१ मध्ये तेथे ज्वालामुखी जागा झाला आणि सारे बेटकरी इंग्लंडला नेले गेले. तेथे वीज होती, नोकऱ्या होत्या, दुकाने होती. आता हे परत कशाला जातील, असे कोणालाही वाटले असते. १९६२ च्या अखेरीस त्यांचे मत घेतले, तेव्हा १४८ जणांनी परतण्याच्या बाजूने मत दिले. विरोधात अवघे ५. उलट सेंट किल्डाच्या उरलेल्या ३६ रहिवाशांनी आपणहून विनंती केली आणि १९३० च्या ऑगस्टमध्ये बेट सोडले. एकाने परतावे, दुसऱ्याने सोडावे. दोन्ही निर्णय मला सारखेच आदरणीय वाटतात, कारण ते त्यांचे त्यांनी घेतले. आपल्या अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावरच्या लोकांचा निर्णय ‘येऊ नका’ असा आहे. १९५६ च्या कायद्याने त्या बेटाला संरक्षण आहे. तरीही २०१८ मध्ये एक परदेशी धर्मप्रचारक तेथे उतरला आणि प्राणाला मुकला. त्याचा हेतू त्याच्या दृष्टीने उदात्त असेल. पण ऐकू आलेला नकार त्याने नकार मानला नाही.

हा प्रश्न फक्त समुद्रावरचा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका शिक्षकांनी सुचवले, ‘सर, या वेळची सहल रानातल्या गवळीवाड्यावर नेऊ. मुलांना तिथलं जगणं दाखवू.’ कल्पना चांगली होती. मी म्हटले, ‘आधी त्यांना विचारून या.’ निरोप आला, ‘भातकापणी आटोपल्यावर या. वीसच पोरं आणा, झऱ्याला पाणी कमी आहे. आणि डबे घरचे आणा.’ ऐंशी मुलांची नावे आली होती. साठ मुलांना थांबवणे सोपे नव्हते. पालक भांडायला आले. पण गेली ती वीसच. तेथल्या एका म्हातारबाबांनी त्यांना दुभत्या म्हशीजवळ कसे उभे राहायचे ते शिकवले, कारण त्या दिवशी त्यांना सवड होती.

थांबलेल्या साठ मुलांचे काय, असे मला आजही विचारले जाते. मी सांगतो, त्यांचाही धडा झाला. जगातली प्रत्येक जागा आपल्याला दाखवण्यासाठी मांडून ठेवलेली नाही, हे शाळेत कळले नाही तर पुढे ते शिकवणार कोण? रस्ते आता सगळीकडे पोहोचले आहेत आणि वाट अडवायला वारा उरलेला नाही. म्हणून वाऱ्याचे ते काम यापुढे आपल्या आपणच करायचे आहे. दारात थांबायचे, विचारायचे. आणि आतून ‘आज नको’ असे उत्तर आले, तर मनात राग न धरता परत फिरायचे.