बापाची लाज झाकणारे पुत्र

(शास्त्रपाठ: उत्पत्ति ९:२०-२३)



नोहा द्राक्षारसानें धुंद होऊन तंबूंत उघडा पडला. एका पुत्रानें तें पाहिलें व बाहेर जाऊन सांगितलें. शेम व याफेथ यांनीं मात्र खांद्यांवर वस्त्र घेतलें, पाठमोरे चालत ते आंत गेले, आणि बापाकडे न पाहतां त्यांनीं त्याचें अंग झाकलें. नोहाची ती दशा त्याच्याच दोषानें झाली होती, तरी त्यांनीं ती झाकली.

मग ज्याचा कांहीं दोष नाहीं त्याचें काय? ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीच्या भूकंपानें दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा आघातानें ज्याचा कणा मोडतो त्याचा मलमूत्रावरील ताबा पुष्कळदां जातो. पक्षाघातानें किंवा वार्धक्यानेंही तसेंच होतें. ही देवाची शिक्षा, असें कोणीं म्हणूं नये.

नांदेडकडील एका घरीं आम्हीं पाहिलें कीं, अंथरुणास खिळलेली आई तहान लागली तरी पाणी मागेना. सुनेस वारंवार कपडे बदलावे लागतात ही तिला लाज! बंधूंनो, पाणी तोडूं नका. त्यानें मलावरोध होतो व मूत्राची जळजळ वाढते. अंगाखालीं मेणकापड व त्यावर मऊ लुगड्याची घडी घालावी. ओलें होतांच बदलावें. कोमट पाण्यानें पुढून मागें धुवावें व न चोळतां टिपून कोरडें करावें. दर दोन तासांनीं कूस बदलावी. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग राहिला, ताप आला किंवा लघवी अडली, तर विलंब न करितां डॉक्टरांस दाखवावें. आणि हें सर्व करितांना दार लोटून घ्यावें. हेंच शेम व याफेथ यांचें वस्त्र होय.

परंतु ध्यानांत ठेवा, ते दोघे पुत्र होते, सुना नव्हत्या. आमच्या घरांत सून रात्रभर जागते, आणि पुत्र सकाळीं उपासनेंत पुढें बसतो! ज्या प्रभूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या सेवकास आईचें अंथरूण धुण्याची लाज कसली?

उपदेशकांनो, अशा घरीं प्रार्थना करून लगेच उठूं नका. तासभर रोग्याजवळ बसा व त्या थकलेल्या बहिणीस निजूं द्या. तीही प्रार्थनाच आहे.

प्रभु आम्हां सर्वांस असे पुत्र करो. आमेन.